तीन पायांचे मांजर: दयेचा नव्हे, माहितीचा विषय

मांजर दत्तक घ्यायला येणाऱ्या बहुतेक माणसांच्या मनात पिल्लू असते. दोन-तीन महिन्यांचे, दोरीच्या टोकामागे धावणारे, अंगावर जखमेची खूण नसलेले. त्याच खोलीत, शेजारच्या पिंजऱ्यात तीन पायांचा एखादा तरुण बोका बसलेला असतो. त्याच्याकडे पाहून 'बिचारा' म्हटले जाते, मोबाइलवर त्याचा फोटोही निघतो, आणि घरी पिल्लूच जाते. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. अपंग प्राणी म्हणजे कायमचे औषधपाणी, न संपणारा खर्च आणि रोज डोळ्यांसमोर दुखणे, अशी लोकांची धास्ती असते. गंमत अशी की निवारा केंद्रे चालवणाऱ्या संस्थांच्या आवाहनांतही पुष्कळदा हाच सूर असतो: याचे फार हाल झाले, याला कोणीतरी पदरात घ्या. नकार देणारा आणि विनवणारा, दोघेही एकच गोष्ट धरून चालतात, की हे मांजर म्हणजे एक भार आहे. वाद फक्त तो कोणी उचलायचा एवढाच. तपासून पाहायला हवे ते हे गृहीतकच. गेल्या चाळीसेक वर्षांत पशुवैद्यकांनी जे नोंदवून ठेवले आहे ते एकत्र मांडले तर निराळे चित्र दिसते. गेलेल्या पायाने मांजराच्या आयुष्यात जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक घराची खिडकी, ताटलीतले अन्न आणि दुखणे वेळेत ओळखणारी नजर यांनी पडतो. आणि या तिन्ही गोष्टी चार पायांच्या मांजरालाही तेवढ्याच लागू आहेत. तसे असेल तर या दत्तकाचा प्रश्न दयेच्या खात्यातून काढून माहितीच्या खात्यात टाकायला हवा.

आधी पाय जातो कसा ते पाहू. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे रस्ता. इंग्लंडमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांजरांचे मध्यक आयुर्मान १४ वर्षे निघाले, आणि पाच वर्षांखालच्या मांजरांच्या मृत्यूंत अपघाती इजा हेच सर्वांत मोठे कारण ठरले. म्हणजे रस्ता मुख्यतः तरुण मांजरांना गाठतो. त्यातून जी वाचतात त्यांतली काही पाय गमावतात, आणि त्यांच्यापुढे अजून दहा-बारा वर्षांचे आयुष्य शिल्लक असू शकते. या अपघातांतली एक इजा पशुवैद्यांच्या चांगली परिचयाची आहे. गाडीची धडक बसून पुढचा पाय जोरात ओढला गेला की मानेतून खांद्याकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा मणक्यापाशीच उपटला जातो. हाड शाबूत राहते, पण पाय लुळा पडतो. पंजा उलटा दुमडून जमिनीवर घासत येतो. त्याला संवेदना नसल्यामुळे कातडी सोलवटली तरी मांजराला पत्ता लागत नाही, आणि जखम चिघळत वर सरकते. अशा वेळी पाय 'वाचवणे' म्हणजे मांजराच्या अंगाला एक मेलेले ओझे बांधून ठेवणे. पाय काढल्यावर ते मांजर अपंग होते असे आपण म्हणतो, पण खरे अपंगत्व त्याआधीचे असते आणि शस्त्रक्रियेने ते बऱ्याच अंशी संपते.

दुसरे कारण शहरी वाचकांच्या जवळचे आहे: खिडकी. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये १९८४ साली अवघ्या पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरे आली. त्यांच्यावरचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि 'मांजर कितीही उंचावरून पडले तरी वाचते' या लोकप्रिय समजुतीला त्याने बळ दिले, कारण उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे जगली होती. त्यावरचा आक्षेपही तेवढाच प्रसिद्ध आहे: जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कोण आणणार? झाग्रेबमध्ये अशाच ११९ मांजरांचा अभ्यास २००४ साली आला. त्यात जगण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर होते, पण सुमारे ४६ टक्के मांजरांच्या पायांची हाडे मोडलेली होती, आणि निम्म्याहून अधिक मांजरे एक वर्षाच्या आतली होती. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या टॉवरांच्या सरकत्या काचा आणि ग्रिलच्या रुंद फटी डोळ्यांसमोर आणल्या की या आकड्यांचा अर्थ लागतो. कबुतरे येऊ नयेत म्हणून लावलेली नायलॉनची जाळी अनेक घरांत असते, पण ती कबुतराला अडवते. नखांनी ओरबाडणाऱ्या, दातांनी कुरतडणाऱ्या मांजराला ती किती दिवस पुरणार? लक्षात घ्यायचे ते हे, की ज्या खिडकीने एका मांजराचा पाय घेतला, ती खिडकी नव्याने आणलेल्या धडधाकट पिल्लालाही तशीच उघडी आहे. 'निरोगी' मांजर निवडले म्हणून कोणतेही घर सुरक्षित होत नाही.

उरलेली कारणे थोडक्यात. थंडी-पावसात उबेला गाडीच्या बॉनेटखाली शिरलेली मांजरे इंजिन सुरू होताच पट्ट्यात सापडतात. कुत्र्यांचे चावे, सापळे, दिवसेंदिवस उपचार न मिळालेली उघडी हाडे हेही नित्याचे. एक कारण मात्र वेगळे आहे आणि पाय काढण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलणारे आहे. क्वचित काही मांजरांना लस टोचलेल्या जागी कर्करोगाची गाठ होते. ही गोष्ट १९९१ च्या सुमारास लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या मांजरतज्ज्ञांनी लस दोन खांद्यांच्या मध्ये न देता पायावर, शक्य तितक्या खाली द्यावी अशी शिफारस केली. कारण उघड आहे: पाठीवरची गाठ पुरती काढणे कठीण, पण पायावरची गाठ पायासकट काढता येते आणि मांजर वाचते. लाखो धडधाकट मांजरांसाठीचा नियम ठरवताना तज्ज्ञांनी एक पाय जाणे ही परवडणारी किंमत धरली, यातच पुष्कळ काही आले.

शस्त्रक्रियेविषयी सामान्यतः असलेली एक शंका अशी की पाय इतक्या वरून का काढतात, थोडा तरी का ठेवत नाहीत. पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढला जातो. मागचा मांडीच्या मध्यावरून किंवा थेट खुब्यापासून. खाली अर्धा तुकडा ठेवला तर मांजर त्याच्यावर टेकू पाहते, तो जमिनीवर आपटतो, घासतो, आणि जखम कधी बरीच होत नाही. त्याच कारणाने कृत्रिम पायाची फारशी गरज पडत नाही. २०१० साली गाजलेले जर्सी बेटावरचे ऑस्कर हे मांजर अनेकांना आठवत असेल. आयरिश शल्यविशारद नोएल फिट्झपॅट्रिक यांनी त्याच्या हाडांत धातूचे खुंट बसवून त्याला कृत्रिम पंजे दिले. पण ऑस्करचे मागचे दोन्ही पंजे गेले होते. एकच पाय गेला असेल तर मांजराला यंत्राची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक मांजरे शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत उठून चालू लागतात, टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, आणि उरलेला जुळवून घेण्याचा काळ महिना-दोन महिन्यांचा असतो.

जुळवून घेणे म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. उभ्या मांजराचे निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर असते. पुढचा एक पाय गेला की उरलेला पुढचा पाय हळूहळू छातीच्या मध्याकडे सरकतो, आणि चाल थोडी उडी मारल्यासारखी होते. सावकाश चालताना ती जास्त दिसते, धावताना जवळजवळ दिसेनाशी होते. अडचण येते ती उतरताना. कपाटावरून खाली उडी घेतली की धक्का एकट्या पंजावर येतो, आणि मांजर कधीकधी हनुवटीवर आपटते. मागचा पाय गेला तर गोष्ट उलटी: उतरणे सोपे, पण उंच उडीची ताकद कमी. मागचा उजवा पाय नसलेल्या मांजराच्या उजव्या कानाला खाज सुटली की डोके त्या बाजूला कलते, डोळे बारीक होतात, आणि खुब्यापाशी उरलेले स्नायू भराभर हलू लागतात. पाय नसतो, पण खाजवण्याची आज्ञा तिथपर्यंत पोहोचलेली असते. असे मांजर पाळणारी माणसे अशा वेळी तो कान स्वतः खाजवतात, आणि स्नायूंची हालचाल थांबते. एवढी गोष्ट समजली की हेही कळते की या मांजराला नेमकी कोणती मदत लागते आणि कोणती मुळीच लागत नाही.

आता पुराव्याकडे. पाय काढलेल्या मांजरांच्या मालकांची मते गोळा करणारे एक ब्रिटिश सर्वेक्षण २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात २०४ मांजरे होती. पाय काढण्याचे मुख्य कारण रस्त्यावरचा अपघात हेच होते, आणि दहातल्या जवळजवळ नऊ मांजरांचे जगणे मालकांच्या मते शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत झाले होते. पुन्हा तशी वेळ आली तर हाच निर्णय घेऊ, असे सांगणाऱ्यांची बहुसंख्याही मोठी होती. हा आकडा अनेकदा उद्धृत केला जातो, आणि त्याच्यावरचा आक्षेप फारसा कोणी घेत नाही. तो घ्यायलाच हवा. उत्तरे देणारे हे स्वतः निर्णय घेतलेले, पैसे मोजलेले, मांजरावर माया असलेले लोक आहेत. आपला निर्णय चुकला असे सांगायला कोण उत्सुक असेल? शिवाय मांजर दुखणे लपवते. शिकार करणारा आणि स्वतः शिकारही होऊ शकणारा हा प्राणी अशक्तपणा दाखवत नाही. तेव्हा 'मालक म्हणतात म्हणून मांजर सुखी' हा पुरावा अपुरा आहे, हे मान्य करू.

मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली, मांजराचे दुखणे मोजण्याची साधने आता मालकाच्या मतापुरती राहिलेली नाहीत. माँट्रियलच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक श्रेणी मांडली. कानांची ठेवण, डोळे किती आवळलेले, थोबाडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली, अशा पाच गोष्टींना गुण द्यायचे. ही श्रेणी आताच उद्भवलेली वेदना ओळखण्यासाठी आहे. जुनाट दुखण्याला वागण्यातले बदल पाहावे लागतात. मांजर नेहमीच्या उंचीवर उडी मारते का, अंग चाटते का, मलमूत्रासाठी वाळूच्या ट्रेमध्ये जाते का, की अलीकडे ट्रेच्या बाहेर घाण करू लागले आहे. निवारा केंद्राला हे सारे रोज वहीत टिपता येते, आणि तीच वही दत्तक घेणाऱ्याला दाखवता येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तुलना कशाशी करायची? पाय असलेली मांजरे वेदनामुक्त असतात असे आपण समजतो. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वयांच्या १०० मांजरांचे एक्स-रे काढले गेले, आणि ९२ मांजरांच्या कुठल्या ना कुठल्या सांध्यात झिजेच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या प्रत्येकाला दुखत होते असे नाही. पण सांध्यांची झीज हा तीन पायांच्या मांजरांचा खास रोग नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. फरक आहे तो असा, की चार पायांच्या मांजराच्या सांध्यांकडे त्याच्या घरचे बघतच नाहीत, आणि तीन पायांच्या मांजराकडे बघतात.

पुढे सांधे दुखतील, मग खर्च वाढेल, ही भीती म्हणून अगदी निराधार नाही. तीन पायांवर चारांचा भार येतो आणि उरलेले सांधे अधिक राबतात. पण या भाराचा मोठा भाग आपल्या हातात असतो. चार किलोच्या मांजराचे वजन अर्ध्या किलोने वाढले तर आपल्याला ते दिसतही नाही. प्रमाणात ते साठ किलोच्या माणसाने साडेसात किलोंनी जाड होण्यासारखे आहे. 'बिचाऱ्याला' म्हणून जास्तीचे खाणे घालणारी दया इथे थेट सांध्यांवर बसते. औषधांच्या बाबतीतही तसेच. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते, कारण ती पचवायला लागणारी यकृताची यंत्रणा मांजरात तोकडी असते. वेदनाशामके पशुवैद्यानेच, मूत्रपिंडांची तपासणी करून, मोजक्या मात्रेत द्यायची असतात. अशी काळजी म्हातारपणाकडे झुकलेल्या प्रत्येक मांजराला लागते. तीन पायांच्या मांजराला ती काही वर्षे आधी लागू शकते. अंदाजपत्रकात त्याची तजवीज करावी आणि ते दत्तक घेणाऱ्याला आधीच सांगावे.

यापुढचा आक्षेप कठोर आहे: इतके सगळे करण्यापेक्षा त्याला झोपेतच मरू देणे अधिक दयाळूपणाचे नाही का? मांजर मारल्याचे पाप फेडायला काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. पण मारायचे नाही एवढ्याने जगवण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि जखमी मांजर जिन्याखाली तसेच पडून राहते. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा केंद्रीय कायदा उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणे गुन्हा मानतो, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपयांच्या घरात आहे. वेदनामुक्त मरण हा पर्याय मला सरसकट अमान्य नाही. मणका मोडून मागचे धड लुळे पडले आहे, लघवीवर ताबा नाही, किंवा आजार असाध्य आहे आणि वेदना आवरत नाहीत, तिथे तो पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्यही ठरतो. पण एक पाय गेलेले, खाणारे-पिणारे, अंग चाटणारे मांजर या यादीत बसत नाही. त्याला मरण देण्याचे कारण त्याचे शरीर नसते; कारण असते 'याला नेणार कोण' हा प्रश्न. तो प्रश्न सुटण्यासारखा असताना सुईने सोडवणे ही दया नव्हे, सोय आहे.

नेणार कोणी नसेल तर केंद्रातच का राहू नये? आपल्याकडे या कल्पनेला मोठी परंपरा आहे. १८३२ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला, आणि त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठियांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. निरुपयोगी झालेल्या प्राण्यालाही मरेपर्यंत चारा मिळाला पाहिजे हा तिच्यामागचा विचार मोठाच होता. १८७४ साली मुंबईत प्राणिछळ प्रतिबंधक संस्था स्थापन झाली, परळला जनावरांचे रुग्णालय आले, आणि आश्रयाला उपचाराची जोड मिळाली. पण पांजरपोळ ही कळपाने राहणाऱ्या गाईगुरांना मानवते. मांजर आपली जागा आखून राहणारे जनावर. शेजारी दहा अनोळखी मांजरे, कुत्र्यांचे भुंकणे, रोज बदलणारे वास यांनी ते खचते. नेदरलँड्समधल्या एका निवारा केंद्रात २०१४ साली प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग झाला: नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, इतरांना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे लवकर निवळली. पुठ्ठ्याच्या खोक्याने एवढा फरक पडत असेल तर घराने किती पडेल! त्याखेरीज गर्दीच्या केंद्रात पॅनल्यूकोपेनियासारख्या रोगाची साथ आली तर पिल्ले पटापट दगावतात. आणि प्रत्येक भरलेला पिंजरा हा एका नव्या जखमी मांजरासाठी बंद झालेला दरवाजाही असतो.

इथेच पैशाचा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. एका मांजराचा पाय काढायला, त्याच्या भुलीला, एक्स-रेला आणि महिनाभराच्या देखभालीला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात कितीतरी मांजरांची नसबंदी होईल. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात एकाहून अधिक वेळा विते. म्हणजे नसबंदीला टाकलेला प्रत्येक रुपया पुढच्या अनेक अपघातांना आळा घालतो. हिशेब खरा आहे. मर्यादित निधी असलेल्या संस्थेने नसबंदीला अग्रक्रम द्यावा, याबद्दल दुमत नसावे. पण तीन पायांच्या मांजराच्या बाबतीत हा आक्षेप चुकीच्या जागी लागतो. शस्त्रक्रियेचा खर्च तर होऊन गेलेला असतो. आता उरतो तो रोजचा खर्च, आणि तो मांजर केंद्रात राहिले तर वाढत जातो, घरी गेले तर त्या दिवशी थांबतो. नसबंदीसाठी पैसे वाचवायचे असतील तर ही मांजरे लवकरात लवकर घरी जाणे हाच त्याचा मार्ग आहे. आणि दत्तक देण्यापूर्वी मांजराची नसबंदी झालेलीच असावी, ही अट दोन्ही उद्दिष्टे एकत्र आणते.

आणखी एक मत असे की मांजर स्वतंत्र वृत्तीचे. त्याला जिथून आणले तिथेच, मासळी बाजाराजवळ किंवा सोसायटीच्या आवारात सोडावे, लोक खायला घालतातच. चार पायांच्या, नसबंदी झालेल्या, रस्त्याला सरावलेल्या मांजराबाबत हे मत पुष्कळ प्रमाणात रास्त आहे. माणसाच्या जवळही न येणाऱ्या रानवट मांजराला फ्लॅटमध्ये कोंडणे त्याच्यावर अन्याय ठरेल. मग त्याला तीनच पाय असले तरी त्याच्यासाठी कुंपण असलेली, कुत्र्यांपासून सुरक्षित, रोज खाणे मिळणारी जागा शोधावी लागते, आणि ती क्वचितच मिळते. पण माणसाळलेल्या तीन पायांच्या मांजराला पुन्हा रस्त्यावर सोडणे म्हणजे ज्या वेगाने त्याचा पाय घेतला त्याच वेगासमोर त्याला कमी वेगाने उभे करणे. भिंतीवर चढून कुत्र्याला चकवणे हा मांजराचा मुख्य बचाव, आणि नेमका तोच इथे लंगडा झालेला असतो. चाळीत आणि वाड्यात मांजर घरचेही असे आणि आळीचेही. आजच्या वाहतुकीत ही पद्धत कुठल्याच मांजराला परवडत नाही, आणि या मांजराला तर मुळीच नाही.

म्हणून एरवी अपुरे वाटणारे छोटे घर इथे उणे ठरत नाही. वन बीएचके, सगळ्या खिडक्यांना तारेची घट्ट जाळी, पलंग आणि खिडकीच्या मध्ये एक बुटके स्टूल, म्हणजे मोठी उडी दोन छोट्या उड्यांत विभागली जाते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर जाजम किंवा पायपुसणी. मलमूत्राच्या ट्रेची एक कड बुटकी, कारण उकरताना तोल सांभाळायला एक पाय कमी असतो. नखे नियमित कापलेली, खरवडायला सुतळी गुंडाळलेला खांब आडवा ठेवलेला. घरात कुत्रा असेल तर आधी काही दिवस दोघे वेगळ्या खोल्यांत, मग दाराच्या फटीतून वास, मग भेट. लहान मुले असतील तर त्यांना मांजर कसे उचलायचे हे शिकवावे लागते: छाती आणि मागचे धड दोन्हीकडून आधार देऊन, लटकवून नव्हे. यातली एकही गोष्ट फार खर्चिक नाही, आणि यातल्या बहुतेक चार पायांच्या मांजराच्या घरातही असायलाच हव्यात. तीन पायांचे मांजर त्या सवडीने न करता पहिल्याच दिवशी करायला लावते, एवढेच.

यातून निवारा केंद्रांच्या कामाची दिशा ठरते. मुंबईतल्या 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेची दत्तकासाठीची एक जाहिरातमाला काही वर्षांपूर्वी जगभर गाजली. दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेतच प्राण्याचा आकार दिसे, आणि घरात आणखी एकासाठी नेहमीच जागा असते असे ती सुचवी. तिच्यात प्राण्याचे हाल दाखवलेले नव्हते. तीन पायांच्या मांजरांबाबत मात्र बहुतेक आवाहने अजूनही जखमेच्या फोटोवर चालतात. तो फोटो देणगी मिळवायला उपयोगी पडतो, घर मिळवायला नाही. घर शोधणाऱ्याला या मांजराचा भूतकाळ नको असतो, त्याच्यासोबतचा उद्याचा दिवस बघायचा असतो. त्याऐवजी एक पान पुरे: कोणता पाय गेला, कशामुळे आणि कधी, शस्त्रक्रिया कोणत्या पातळीवर, आजचे वजन, कोणत्या उंचीवर स्वतः चढते, कुठे मदत लागते, कुत्र्यांशी, मुलांशी कसे वागते, उरलेल्या पायांचे सांधे कसे आहेत, लसी, नसबंदी आणि रक्ततपासणी. शुल्क माफ केले तर लोक प्राण्याची किंमत करत नाहीत अशी संस्थांची भीती असते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पैसे भरून आणि विनाशुल्क मांजर नेणाऱ्यांच्या जिव्हाळ्यात फरक आढळला नव्हता. तेव्हा शुल्क घ्यावे की नाही हा गौण मुद्दा. माहिती दिली की नाही हा मुख्य. दयेच्या भरात नेलेले मांजर पहिल्या मोठ्या बिलाबरोबर परत येऊ शकते, कारण दयेने बिलाचा अंदाज दिलेला नसतो.

त्याच न्यायाने काही घरांना केंद्राने नकारही द्यायला हवा: जाळी लावायला तयार नसलेल्यांना, मांजराला मोकळे सोडू म्हणणाऱ्यांना, पुढच्या वर्षी परदेशी जायचे असूनही मागे कोण सांभाळेल हे ठरवलेले नसलेल्यांना. पण हे नकार चार पायांच्या मांजरासाठीही तसेच द्यायला हवेत, आणि तिथेच या सगळ्या आढाव्याचे तात्पर्य आहे. तीन पायांच्या मांजरासाठी वेगळी, सोपी किंवा कडक अशी कसोटी लागत नाही. जी कसोटी सर्वच मांजरांना लावायला हवी होती, ती आपण त्यांच्या बाबतीत गांभीर्याने लावू लागतो. म्हणून केंद्रांनी त्यांना 'विशेष प्रकरणे' अशा वेगळ्या यादीत न टाकता इतरांच्या यादीत, इतरांच्याच पानासारख्या पानावर मांडावे. आणि दत्तक घेणाऱ्यांनी पाय मोजण्याआधी आपल्या खिडक्या, आपला वेळ आणि पशुवैद्यासाठी बाजूला काढता येणारी रक्कम मोजावी. हा हिशेब जुळत असेल तर तीन पायांचे मांजर न नेण्याला फारसे कारण उरत नाही; आणि जुळत नसेल तर चार पायांचेही नेऊ नये.